पाणी घेतलेली, पाणी न घेतलेली

फिलाई बेट,
हाथोर महिना, पूर ओसरतो आहे

सेनेसी,

खजूरवाल्या तेबोच्या हाती हे पत्र देते आहे. त्याला आधी जेवायला घाल, मग बातम्या विचार. भुकेल्या पोटी तो वाटेल ते बरळतो.

म्हणून खरं काय ते माझ्याकडूनच ऐक. इसेत आईचं देऊळ बंद झालं. कैसराचे शिपाई नावा भरून आले. इसमेत काका उंबरठ्यावर आडवे पडले, म्हणाले, "माझ्या अंगावरून जा." शिपाई खरंच अंगावरून गेले. काकांना अस्वानच्या तुरुंगात नेलं, आणि मागच्या पौर्णिमेला ते तिथेच गेले. प्रेतही दिलं नाही. आईची सोन्याची मूर्ती गोणपाटात गुंडाळून नेली. गोणपाटात! अंघोळ केल्याशिवाय आपण जिच्या वस्त्राला हात लावत नव्हतो, ती.

आता आतल्या चौकात त्यांचं प्रार्थनाघर आहे. भिंतींना चुना फासलाय, खांबांवर क्रूस कोरलेत. पौसी नावाचा कारभारी नेमलाय, तो माझ्या मागे लागलाय. "मावशी, आमच्या देवाचं पाणी डोक्यावर घ्या, आमच्यातल्या व्हा, इथेच झाडलोट करायला ठेवतो." मी म्हटलं, "अरे, तुझी आजी माझ्या आजीकडे मूल होऊ दे म्हणून नवस बोलायला यायची. झाडलोट तू कर." रोज सकाळी मी दक्षिणेच्या पायऱ्यांवर बसून आईची भूपाळी म्हणते. ते आत त्यांचं म्हणतात, मी बाहेर माझं. माझा आवाज अजून त्यांच्यापेक्षा लांब जातो.

तुमच्या नोबा राजानेही पाणी घेतलं म्हणे. घेऊ दे. राजे वारा बघून शीड बदलतात. पण तू देवळातली मुलगी आहेस. एवढ्या मोठ्या सरदाराच्या घरात मानाने पडलीस ती आईच्या कृपेने. त्या दाढीवाल्या उपदेशकांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. राहिलीस, तर मला बहीण नाही असं समजेन.

तबेस

•

पाखोरस,
राजाने पाणी घेतल्याचं दुसरं वर्ष, कोयाक महिना

ताई,

काकांचं वाचून दिवसभर घास उतरला नाही. ते मला खांद्यावर बसवून खांबांवरची अक्षरं वाचायला शिकवायचे. आज त्याच अक्षरांत तुला असं लिहायची वेळ आली, जे वाचून तू चिडणार आहेस.

मी त्या दाढीवाल्यांच्या वाऱ्याला उभी राहिले आहे. एकदा नाही, बरेचदा. का, ते सांगते.

माझ्या लग्नाला तू आलीस तेव्हा नदीपलीकडची ती मोठमोठी टेकाडं बघून म्हणाली होतीस, "केवढी मोठी माणसं गं इथली, मेल्यावरही डोंगराएवढी!" टेकाडाखाली सरदार एकटा नसतो, ताई. त्याचे घोडे असतात, चांदीच्या घुंगरांसकट. घोड्यांचा मोतद्दार असतो. दासी असतात. आणि धाकटी बायको असते. पहिली मागे राहते, घर आणि मुलं बघायला. धाकटीने सोबत जायचं. दोरी असते, नाहीतर कुऱ्हाड. हे मला लग्नानंतर वर्षभराने थोरलीने सांगितलं. नवेतल तिचं नाव. भाकरी थापता थापता म्हणाली, "तू नशीबवान, तुला वाट बघायला नको."

बाकीच्या घराण्यांनी हे कधीच सोडलं. आमचे धनी मात्र जुन्या वळणाचे. आणि धनी आजारी आहेत. पोट फुगलंय, पाय सुजलेत, अन्न टिकत नाही. मी रात्रंदिवस शेक देते. वाईट माणूस नाही गं तो. परवा माझा हात धरून म्हणाला, "भिऊ नकोस, मी पुढे असेन." त्याला वाटलं, धीर देतोय.

त्याचा भाऊ तोंतौ तबेल्यात जाऊन कुठले घोडे घ्यायचे ते ठरवून आलाय. आमच्याकडेही तसंच बघतो.

फिबामोन नावाचा उपदेशक इथल्या जुन्या धान्यकोठारात राहतो. बारीक, भित्रा माणूस, कुत्रं भुंकलं तरी दचकतो. मी त्याला विचारलं, "तुझा देव मेलेल्यासोबत किती माणसं मागतो?" त्याला प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो रडायला लागला. म्हणाला, "बाई, एकही नाही. तो स्वतः गेला, ते पुन्हा कुणाला जावं लागू नये म्हणून."

मी अजून पाणी घेतलेलं नाही. पण खोटं लिहिणार नाही, मनात आहे.

सेनेसी

•

फिलाई,
तोबे महिना, आईच्या दिव्यांचा सण (या वर्षी एकच दिवा, माझा)

सेनेसी,

तुझं पत्र वाचून फाडणार होते. काकांनी शिकवलेली अक्षरं, म्हणून ठेवलं.

माणसं पुरतात म्हणे! ही त्या उपदेशकांची जुनी युक्ती आहे. इथेही सांगत फिरतात, आम्ही म्हणे तळघरात लहान पोरं कापायचो. तुला कुणीतरी घाबरवलं आणि तू घाबरलीस. त्या थोरलीला सवतीमत्सर आहे, दुसरं काय? एवढ्या मोठ्या घरात सून म्हणून नेलं, चांदीच्या बांगड्या घातल्या, ते मारायला?

आणि समज, खरंच असलं. तरी आपल्या आईने कधी कुणाच्या मानेचा हट्ट धरला? ती तर मेलेल्या नवऱ्याचे तुकडे वेचत रानोमाळ फिरली, त्याला उठवलं, पोराला वाढवलं. स्वतः त्याच्यासोबत मेली नाही! मग तिचं नाव घेऊन उभी राहा ना. ज्यांनी तिला गोणपाटात घातलं त्यांच्याच दारात जीव वाचवायला कशाला जातेस? लाज नाही वाटत? काकांच्या अंगावरून गेलेले पाय त्यांचेच.

नवऱ्याची सेवा कर. बरा होईल. अंजिराच्या पानांचा काढा पाठवते आहे, थोडा मध घालून दे. आणि अगदीच भीती वाटली तर माहेरी निघून ये. घर गळतंय, पण आपलं आहे.

पौसी आता नवं बोलतो. भिंतींवरच्या देवतांची तोंडं छिनायची म्हणे, प्रार्थनेच्या वेळी त्या बघतात आणि लोकांचं लक्ष उडतं. मी म्हटलं, "बघतात ना? मग अजून जिवंत आहेत."

तुझी ताई (अजून)

•

पाखोरस,
राजाने पाणी घेतल्याचं दुसरं वर्ष, पारमौते महिना

ताई,

तुझा काढा पोचायच्या आधीच धनी गेले. मी जिवंत आहे. एवढं आधी वाच, मग थोडं थांब, मग बाकीचं वाच.

पहाटे त्यांचा श्वास थांबला. मी त्यांचे डोळे मिटतेय तोच बाहेर तोंतौचा आवाज आला, "दारं लावा." माहेरी निघून ये म्हणतेस, ताई. धनी अंथरुणाला खिळले त्या दिवसापासून माझ्या पाळतीवर माणूस होता. पण कोठाराची मागची भिंत आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे, आणि तिच्यातल्या विटा मी, शेबा आणि मेसीने महिनाभर राख टाकायच्या निमित्ताने सैल करून ठेवल्या होत्या. शेबा आणि मेसी या धन्यांच्या दासी, दोघीही सोबत जायला ठरलेल्या. आम्ही तिघी त्या भोकातून पलीकडे गेलो.

फिबामोन झोपेतून उठला. मी म्हटलं, "पाणी घाल." तो म्हणाला, "असं नाही होत, आधी शिकवण, उपास..." मी म्हटलं, "उपास मागाहून करेन. आधी वर जाणं तरी टळू दे." त्याने पाण्याची घागर उचलली. माझ्यावर घातलं, शेबावर घातलं, तेवढ्यात दाराला कुऱ्हाड लागली. मेसी राहिली.

मला वाटलं होतं, मी कोपऱ्यात लपेन. पण केसांतून पाणी गळत होतं आणि मला एकदम राग आला, ताई. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी स्वतः जाऊन दार उघडलं.

बाहेर अख्खं गाव. तोंतौच्या हातात दोरी. म्हणाला, "वहिनी, चला. दादा वाट बघतोय. त्याचं मीठ खाल्लंत."

मी म्हटलं, "मीठ खाल्लं, तसं त्याचं मलमूत्रही काढलं. तुम्ही कितीदा आत आलात? माझं देणं फिटलं."

"ही रीत आहे."

"रीत राजाने मोडली. माझ्या डोक्यावर बघा. जे पाणी तुमच्या राजाने घेतलं तेच हे. त्या पाण्याने तो माझा भाऊ झाला, असं त्याच्याच दरबारात वाचून दाखवलंय, तुम्ही उभे राहून ऐकलंय. आता राजाच्या बहिणीच्या गळ्यात दोरी घाला आणि जा त्याला सांगायला."

तोंतौ मूर्ख नाही. त्याने मेसीकडे बोट दाखवलं. "हिचं डोकं कोरडं आहे."

मी म्हटलं, "उन्हाने वाळलं." सूर्य अजून वर आला नव्हता.

तोंतौने फिबामोनला विचारलं, "बुवा, तुमचा देव खोट्याला काय करतो?" फिबामोन पांढराफटक पडला होता. वाटलं, संपलं. पण तो पुढे आला, मेसीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिनेही घेतलंय. मी साक्षी आहे." भित्रा म्हणाले होते त्याला मी. ते शब्द मागे घेते.

तेव्हा नवेतल गर्दीतून पुढे आली. वाटलं, आता ही ओढणार. ती तोंतौला म्हणाली, "दोरी खाली ठेवा, भावजी. माझ्या नवऱ्याला न्यायला कुणी नको. त्याला वाट माहीत आहे." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अठरा वर्षांची होते तेव्हा सासूबाईंच्या सवतीचं ओरडणं ऐकलंय मी."

घोडे मात्र मारले. आणि कुशीन गेला. म्हातारा मोतद्दार, मी त्याला ओढत होते, "पाणी घे रे, तूही वाचशील." तो म्हणाला, "बाई, तुमचा देव घोडे घेतो का?" फिबामोनने नाही म्हणून मान हलवली. कुशीन म्हणाला, "मग ते अंधारात एकटे घाबरतील," आणि आपल्या पायांनी गेला. हे मी अजून कुणाशी बोलू शकत नाही. तुला लिहिलं.

आता सांग, मला लाज वाटायला हवी का?

सेनेसी

•

फिलाई,
एपेप महिना

सेने,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. लिहायला बसायचे आणि उठायचे.

मी ती टेकाडं पाहिली, त्यांची उंची पाहिली आणि मान ताठ करून परत आले. गावभर सांगत सुटले, माझी बहीण कुठे पडली बघा. तुझी बातमी खोटी म्हणाले, काढा पाठवला. काढा!

लाज वाटायला हवी का, असं विचारलंस. नाही. दार उघडलंस ना तू स्वतः? आपल्या आजीने उघडलं असतं तसं. त्या फिबामोनलाही माझा नमस्कार सांग. त्याच्या देवाला सांगू नकोस, त्याचं आणि माझं भांडण आहे. ते मिटलेलं नाही. तुला त्याने दोरीतून सोडवलं आणि मला आईच्या घरातून काढलं. दोन्ही खरं आहे, आणि मी एकासाठी दुसरं विसरणार नाही. तूही तसा आग्रह धरू नकोस.

पाथरवट आलेत. परांची बांधताहेत.

ताई

•

पाखोरस,
राजाने पाणी घेतल्याचं तिसरं वर्ष, थोथ महिना

ताई,

आग्रह धरणार नाही. उलट, ज्याने धरला त्याची गोष्ट ऐक.

कैसराच्या शहरातून एक मोठा उपदेशक आला आहे, रेशमी झग्यातला. फिबामोन त्याच्यासमोर मानही वर करत नाही. माझी हकीकत ऐकून त्याला फार आनंद झाला. मला बोलावून म्हणाला, "तुमची बहीण अजून मूर्तिपूजक आहे म्हणे. तिला लिहा, हट्ट सोड नाहीतर नातं तुटलं. तुमच्या शब्दाने ती वळेल."

मी म्हटलं, "महाराज, तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही."

तो म्हणाला, "पाणी घेतलंत, तर आज्ञाही घ्यावी लागेल."

मी म्हटलं, "नवऱ्यासोबत मर, ही आज्ञा मी मोडली तेव्हा तुम्ही मला धन्य म्हणालात. आता बहिणीला टाक म्हणता, तीही मोडते. पाणी मी गळ्याभोवतीची दोरी सुटावी म्हणून घेतलं. ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला नाही."

तो लाल झाला. फिबामोन खाली बघत होता, पण मी त्याला हसताना पाहिलं. आता ते मला प्रार्थनेत सगळ्यांना वाटतात ती पवित्र भाकर देत नाहीत. बघू कोण आधी थकतं. रोज जाऊन पहिल्या रांगेत बसते.

सोबत नाव पाठवते आहे. धन्यांचीच आहे, नवेतलने दिली. वल्हवणारे सगळे क्रूस घातलेले आहेत, घाबरू नकोस. त्यांचा म्होरक्या पासान हा मेसीचा नवरा. तुला यायचं नसेल तर नाव रिकामी पाठव, मी रागावणार नाही. यायचं असेल तर जशी आहेस तशी ये. माझ्या घरात तुला कुणी पाणी घालणार नाही, अंघोळीचं सोडून.

सेनेसी

•

नोबांच्या सीमेवरचा किल्ला,
पाओपी महिना

सेने,

पासानचा एक ओळखीचा घोडेस्वार पुढे निघाला आहे, त्याच्या हाती हे देते. मी येते आहे.

नाव पोचली त्या सकाळी पाथरवट छिन्न्या घेऊन चढत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. पौसी म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, लागेल." मी म्हटलं, "लागू दे." तुझे वल्हवणारे पायऱ्या चढून आले, गळ्यात क्रूस, आणि मला न विचारता माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. पौसीने विचारलं, "तुम्ही आमचे का तिचे?" पासान म्हणाला, "आम्ही हिला न्यायला आलोय. हिचं काम झाल्याशिवाय कशी नेऊ?"

दुपारपर्यंत उभे होतो. मग शिपाई आले आणि आम्हाला उचलून खाली आणलं. मी चावले. एकाला चांगलीच चावले. त्यांनी खालच्या सगळ्या तोंडांवर छिन्नी चालवली. आईचं तोंड, तिच्या होर बाळाचं तोंड, सगळं. वरच्या ओळीपर्यंत परांची पोचत नव्हती, ती राहिली. पौसीने मला बेटावर पाय ठेवायला बंदी केली. मी बेट सोडलं. आईला सोडलेलं नाही. हे तिथे सगळ्यांदेखत सांगून निघाले.

आजचं ऐक. या किल्ल्याखाली प्रत्येक नाव थांबवतात. नवा हुकूम आहे म्हणे, देव कोणता ते विचारायचं, आणि पाणी न घेतलेल्याला पुढे सोडायचं नाही. तुझ्या त्या रेशमी झग्यावाल्याचंच काम असणार. नाक्यावरचा शिपाई पोरगेलासा, ऊन लागून वैतागलेला. त्याने मला विचारलं, "पाणी घेतलंस का?" पासान माझ्या कानात म्हणाला, "बाई, नुसतं हो म्हणा. देवाला कळतं."

मी म्हटलं, "हो म्हणायचं असतं तर घरी बसून म्हटलं असतं. इतकी लांब कशाला आले असते?"

शिपाई म्हणाला, "मग उतर, म्हातारे."

मी गाठोडं घेऊन उतरले आणि वाळूवर बसले. मला वाटलं, आता ही नाव जाणार आणि मी इथे बाभळीखाली राहणार. तर पासानने वल्हं आत ओढलं आणि उतरला. मग त्याच्या मागचा. मग सगळेच. चूल मांडली, मसूर चढवली. शिपाई ओरडला, "हे काय? नाव काढा, धक्का अडलाय!"

पासान मसूर ढवळत म्हणाला, "बाई निघतील तेव्हा निघू."

"तुम्ही ख्रिस्ती ना रे?"

"म्हणून तर."

मागे नावांची रांग लागली. कांदेवाले, मडकीवाले, एक बोकडांनी भरलेली नाव, सगळे त्या शिपायाच्या आईचा उद्धार करायला लागले. बोकडही. आम्ही जेवलो, त्यालाही वाढलं. तो उभ्याने जेवला. ऊन कलायला लागलं तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, घामाघूम, आणि म्हणाला, "जा बाई, जा. निदान वर विचारलं तर सांगायला काहीतरी दे. कोण तू? कुणाची?"

मी म्हटलं, "तबेस. फिलाईची. इसेत आईची."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "शेवटचं मी ऐकलं नाही."

मी नावेत चढले, टोकाला उभी राहिले, आणि पलीकडच्या काठावरच्या धोबिणींनी कपडे सोडून वर बघितलं इतक्या मोठ्याने त्याला पुन्हा सांगितलं.

तुझी ताई